काजळीनं उजळणारं पान

तालीपत्राच्या झाडाला जन्मात एकदाच फुलोरा येतो. कित्येक दशकं नुसतं वाढायचं, शेंड्यावर प्रचंड मोहोर धरायचा, फळं पिकली की मरून जायचं. श्रीलंकेतली बौद्ध पोथी याच झाडाच्या पानावर लिहिली जाते. तिथे तिला ‘पुस्कोळ पोत’ म्हणतात.

पान उमलण्याआधी, कोवळं असतानाच काढतात. मधला दांडा सोलून पट्ट्यांच्या गुंडाळ्या पाण्यात उकळायच्या, वाळवायच्या, मग एकेक पट्टी सुपारीच्या गुळगुळीत खोडावरून पुढे-मागे ओढत राहायची, पान तुळतुळीत होईपर्यंत. पोथीची निम्मी विद्या इथेच आहे, असं मला वाटतं.

लिहिणं म्हणजे कोरणं. उजव्या हातातल्या लोखंडी टोकाच्या लेखणीला, ‘पन्हिंद’ला, डावा अंगठा वाट दाखवतो. कोरलेलं अक्षर लगेच वाचता येत नाही. फिक्या पानावर नुसते ओरखडे दिसतात. मग तेलात कालवलेली काजळी पट्टीभर चोळतात आणि कोंड्यानं पुसून काढतात. वरचं काळं जातं, खाचेतलं राहतं, आणि ओळ एकदम उजळते. पानाच्या शिरा लांबीनं धावतात. त्यांच्या दिशेनं सरळ रेघ ओढली तर पान चिरतं. सिंहली अक्षरांना आलेली गोलाई यातूनच आली, असं मानतात. आपल्या शिरोरेघेचं इथे कठीणच होतं! उत्तरेकडे, नेपाळात, मात्र ताडपत्रावर न कोरता शाईनं लिहीत, त्यामुळे तिथे ही अडचण नव्हती.

परंपरेनुसार इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळात, दुष्काळ आणि युद्धानं भिक्खूंची वाताहत झाली. तोंडपाठ जपलेलं त्रिपिटक त्यांच्याबरोबरच संपेल, या भीतीनं मातलेजवळच्या अलुविहारात ते लिहून काढलं गेलं. तिथला ग्रंथसंग्रह ब्रिटिशांविरुद्धच्या १८४८च्या मातले उठावात नष्ट झाला.

दमट हवा आणि किडे पानाला फार काळ टिकू देत नाहीत. म्हणून नक्कल करत राहणं आलंच, आणि ते पुण्यकर्म ठरलं. पोथी लिहवून विहाराला दान द्यायची, रंगवलेल्या फळ्यांत बांधून कापडात गुंडाळायची, तिला नमस्कार करायचा. वैद्यकाची औषधंही याच पानावर उतरली, मुलांच्या जन्मपत्रिकाही.

वाचन छापील पुस्तकाकडे गेलं, तरी जन्मपत्रिकेनं हे पान सोडलेलं नाही. अलुविहारात आज पाहुण्यांना लेखन करून दाखवतात. पाहुण्याचं नाव गोल सिंहली अक्षरांत कोरतात, काजळी चोळतात, पुसतात, आणि ती पट्टी त्याच्या हातात ठेवतात.