जखमेविना व्रण

वर्गातल्या मुलांना अंगावरचा एखादा व्रण दाखवायला सांगा. प्रत्येक व्रणाची गोष्ट निघेल: सायकलवरून पडलो, पत्रा लागला. पण जखम झालीच नसताना व्रण उमटला तर?

मेलॅनोमा हा त्वचेतल्या रंगपेशींचा कर्करोग. तो काळाच असतो, अशी आपली समजूत. त्याचा ‘डेस्मोप्लास्टिक’ हा दुर्मीळ प्रकार मात्र पुष्कळदा कातडीच्याच रंगाचा, व्रणासारखा घट्ट असतो. तो बहुधा उतारवयात, चेहरा, डोके, मान अशा उन्हात राहणाऱ्या भागांवर येतो. अमेरिकेत कॉन्ली, लॅटेस व ऑर यांनी १९७१ साली त्याचे प्रथम वर्णन केले.

सूक्ष्मदर्शकाखालीही तो फसवतो. कोलॅजेनच्या दाट तंतूंत लांबट पेशी विखुरलेल्या, अगदी व्रणासारख्या! म्हणून तुकडा पुरेसा खोल घ्यावा लागतो. मग त्यात सॉक्स-१० हे प्रथिन शोधतात. ते रंगपेशींच्या केंद्रकात असते. व्रणातील तंतुपेशींत नसते.

तेव्हा, छत्रपती संभाजीनगरातील शिक्षकहो, कारण आठवत नाही आणि वाढतच चालला आहे असा व्रण कुणाच्या अंगावर दिसला, तर मलमे लावत बसू नका. घाटी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवायला सांगा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न सोपाच असेल: ‘इथे कधी लागलं होतं का?’