चौदा सुतांचा ‘यू’

“साहेब, आटे जुळत नाहीत.” तंत्रज्ञ मुलाने स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला. नेटवर्क स्विच नुकताच खोक्यातून निघालेला, रॅकही नवाकोरा, आणि दोघांचं सूत काही जमेना.

सूत हा शब्द इथे नुसता वाक्प्रचारापुरता नाही. आपल्या सुतारांच्या आणि फॅब्रिकेशनवाल्यांच्या हिशेबात एक इंच म्हणजे 8 सूत. रॅकमधल्या एका मजल्याला ‘यू’ म्हणतात. त्याची उंची पावणेदोन इंच, म्हणजे बरोबर 14 सूत. एवढ्या उंचीत प्रत्येक खांबावर तीन भोकं असतात. त्यांच्या मध्यांतलं अंतर 5 सूत, 5 सूत, मग 4 सूत, आणि पुन्हा तेच. चौकोनी भोक असेल तर ते 3 सुतांचं. मिलिमीटरमध्ये हेच आकडे 44.45, 15.875 आणि 12.7 असे ओबडधोबड होतात.

यातलं 4 सुतांचं आखूड अंतर नीट ओळखायला हवं. एक यू संपून दुसरा सुरू होतो ती सीमा त्याच्या बरोबर मधून जाते. ती चुकली की स्विच एका भोकाने सरकतो आणि शेजारच्या घरात पाय पसरून बसतो. तिथे मग दुसरं काही मावत नाही.

मापं इंची आहेत, कारण हा सांगाडा मुळात टेलिफोनवाल्यांचा. अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने 1922 च्या सुमारास एक्स्चेंजमधली यंत्रं कमी जागेत मांडण्यासाठी 19 इंची रॅक रूढ केला. ती यंत्रं केव्हाच भंगारात गेली, 19 इंच मात्र राहिले. पुढे ईआयए-310 आणि आयईसी 60297 या मानकांनी मापं पक्की केली.

स्क्रूच्या बाबतीत मात्र आजही एकमत नाही. अमेरिकी रॅकमध्ये 10-32 किंवा 12-24 आटे भेटतात, मेट्रिक रॅकमध्ये एम 6, क्वचित एम 5. खरा घोळ यांच्या सारखेपणात आहे. एम 5 चे आटे 0.8 मिलिमीटर अंतरावर, 10-32 चे 0.79 वर. जाडी 5 आणि 4.83. त्यामुळे 10-32 चा स्क्रू एम 5 च्या नटात खुशाल फिरतो, पण सैल बसतो. 12-24 आणि एम 6 चंही तसंच. सुरुवातीचे फेरे जातात, पण आट्यांची पकड उथळ असते आणि जोर लावला की आटे खाल्ले जातात. शंका आली तर दोन स्क्रू आट्यात आटे घालून उजेडासमोर धरा. मधून फट दिसली तर दोघं वेगळ्या घरचे.

सैल स्क्रूने काय बिघडतं? समजा स्विच 5 किलोचा आहे, पुढच्या दोन ‘कानांवर’ लटकतोय आणि त्याचा गुरुत्वमध्य खांबापासून 22 सेंटिमीटर मागे आहे. मागची बाजू खाली झुकू पाहते. कानाची वरची कड खांबावर दाबली जाते, खालची पुढे सुटू पाहते. वरच्या कडेपासून खालच्या स्क्रूपर्यंत जेमतेम पावणेचार सेंटिमीटर. तरफेचा हिशेब मांडला, तर खालच्या दोन स्क्रूंवर मिळून सुमारे 30 किलोची ओढ येते. 5 किलोच्या डब्यासाठी! म्हणून खालचा स्क्रू आधी लावायचा, आणि खोल, जड उपकरणाला मागूनही आधार द्यायचा.

चौकोनी भोकांमागची युक्ती मला फार आवडते. त्यांत आटे नसतातच. स्प्रिंगच्या पत्र्याच्या पिंजऱ्यात बसवलेला केज नट भोकात अडकवायचा. पिंजऱ्यात तो किंचित हलतो, त्यामुळे केसभर चूक पोटात घालतो. आटे गेलेच तर नट फेकायचा, रॅक शाबूत. बोटं मात्र सोलून निघतात. त्यासाठी वाकड्या टोकाची छोटी पट्टी मिळते, ती वापरावी.

आमच्या रॅकला एम 6 चे केज नट होते आणि स्विचबरोबर आले होते 12-24 चे स्क्रू. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून एम 6 चे स्क्रू आणले, पाच मिनिटांत काम झालं. तुम्ही आणाल तेव्हा दोन-चार केज नटही जास्तीचे घ्या. एखादा तरी हातातून निसटून रॅकखाली जातोच.