सापांचा शेजार

नागपंचमीच्या दिवशी आपल्याकडे शेतकरी नांगर धरीत नाही. बिळातील सापाला इजा होऊ नये, ही त्यामागील भावना. परंतु एरवी घरात साप निघाला की काठीच उगारली जाते. वास्तविक साप डूख धरून येत नाही. कणगीभोवती उंदीर जमतात व उंदरांच्या मागावर साप येतो. बिनविषारी धामण तर उंदीर खाऊन शेताची राखणच करते.

महाराष्ट्रात माणसाच्या जिवाला प्रामुख्याने चार सापांपासून धोका असतो : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. नाग फणा उभारून इशारा देतो, घोणस मोठ्याने फूत्कारते, तर फुरसे अंगावरील खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करते. मण्यार मात्र मुकाट्याने येते. ती रात्री हिंडते. तिच्या दंशाने वेदना व सूज फारशी होत नाही. त्यामुळे जमिनीवर निजलेल्या माणसाला दंश झाल्याचे पुष्कळदा कळतही नाही. म्हणून पावसाळ्यात खाटेवर निजावे व मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. रात्री पायांत वहाणा व हाती दिवा घेऊनच बाहेर पडावे. सरपण व गवऱ्या घरापासून दूर रचाव्यात आणि काठीने हलविल्यावाचून त्यांत हात घालू नये.

इतके करूनही दंश झालाच, तर काय करावे? पुष्कळ लोक मांत्रिकाकडे धावतात. त्याच्याकडे काही रोगी बरे होतात, हे खरे. पण त्यांना चावलेला साप बिनविषारी असतो, किंवा विषारी सापाने विष टोचलेलेच नसते. यश मंत्राला मिळते आणि ज्याच्या अंगात खरोखर विष भिनले आहे, त्याचा मोलाचा वेळ मात्र वाया जातो.

दंशाची जागा कापू नये, चोखू नये, वर दोरी आवळून बांधू नये. रोग्याला धीर द्यावा, चालू देऊ नये. दंश झालेल्या हाताला किंवा पायाला फळीचा आधार देऊन तो स्थिर ठेवावा व रोग्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथे प्रतिविष मिळते. घोड्याला सापाचे विष अल्प प्रमाणात टोचले, की त्याच्या रक्तात विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात; त्यांपासून हे औषध करतात. आपल्याकडील प्रतिविष वरील चारही सापांच्या विषावर चालते. म्हणून साप ओळखण्यासाठी त्याला पकडण्याच्या खटपटीत वेळ दवडू नये.

मुलांनो, घरात साप दिसल्यास दूर उभे राहावे, त्याच्यावर नजर ठेवावी व वडीलधाऱ्यांकरवी वनखात्याला कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिले आहे. सापाला दूध नको आणि काठीही नको; त्याला त्याची वाट मोकळी हवी.