सरासरी कुठल्या गावात राहते?

आकडा समोर आला की आपण आधी विचारायला हवं, हा नेमका कुणाचा? २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ आणि घनता चौरस किलोमीटरला ६०३. यात पुणे शहराची दाटी आली आणि वेल्ह्याचे विरळ डोंगरही आले.

पावसाचंही तेच. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पडतो. पर्जन्यछायेतल्या शिरूर-दौंडला ५०० च्या आसपास. दोन्ही मिळवून भागले, की जिल्हा पाणीदार दिसतो. पण त्या सरासरीवर शिरूरच्या जिरायत रानात बाजरी उगवत नाही.

बरं, मग तालुक्याची सरासरी घेऊ? दौंडला पाऊस थोडा, तरी ऊस उभा आहे, कारण खडकवासल्याचा कालवा तिथवर येतो. शिरूरला घोड आणि चासकमानचं पाणी मिळतं. पण कालव्याखालचं शिवार वेगळं, कालव्यावरचं वेगळं.

तर्कशास्त्रात आपण शिकतो, समूहाचा गुण प्रत्येक घटकाला लागू होतोच असं नाही. हे विसरून सरासरीवर दुष्काळ ठरवला, तर कोरड्या गावाची तहान शेजारच्या हिरव्या उसाआड झाकली जाते. म्हणून आकडा गावापर्यंत नेऊन वाचायचा.