५१२ नव्हे, ४८०

नोशन या अमेरिकी कंपनीच्या ॲपमध्ये तुम्ही एक परिच्छेद लिहिला की डेटाबेसमध्ये एक नोंद पडते. मथळा ही वेगळी नोंद, यादीतली प्रत्येक ओळही वेगळी. २०२१ च्या सुरुवातीला अशा नोंदी २० अब्जांच्या, म्हणजे २,००० कोटींच्या वर गेल्या. सेकंदाला एक या वेगाने त्या मोजायच्या तर ६३४ वर्षं लागतील. बहमनी काळात मोजायला बसलेला माणूस २०२१ मध्ये कुठे उठला असता.

हा सगळा भार पाच वर्षं पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीच्या एकाच डेटाबेसवर होता. पोस्टग्रेसमध्ये नोंद बदलली की नवी प्रत तयार होते आणि जुनी मागे राहते. तो कचरा काढणारी ‘व्हॅक्यूम’ प्रक्रिया अडखळू लागली होती, आणि त्यात खरा धोका होता. पोस्टग्रेस व्यवहारांना, म्हणजे डेटा बदलणाऱ्या कामांना, ३२ बिटांचे क्रमांक देतो. ते एकूण सुमारे ४२९ कोटी असले, तरी जुन्या-नव्याची ओळख राहावी म्हणून एका वेळी त्यांतले निम्मेच वापरता येतात. साफसफाई मागे पडून ही मर्यादा जवळ आली, तर पोस्टग्रेस नवं काही लिहून घेणंच थांबवतो.

म्हणून डेटाची विभागणी झाली: ३२ सर्व्हर, प्रत्येकावर १५ शार्ड, म्हणजे डेटाचे तुकडे, एकूण ४८०. एका वर्कस्पेसचा, म्हणजे एका गटाच्या किंवा व्यक्तीच्या जागेचा, सगळा मजकूर एकाच शार्डमध्ये, म्हणजे एक पान उघडायला दहा सर्व्हरांची दारं ठोठावावी लागत नाहीत.

पण ४८०च का? संगणकवाल्यांचा हात सवयीने ५१२ कडे जातो. त्याला फक्त दोनाचे घात भाग देतात, त्यामुळे ३२ सर्व्हर अपुरे पडले की पुढचा समान वाटप होणारा आकडा थेट ६४. ४८० ला मात्र २४ संख्यांनी निःशेष भाग जातो. ३२ नंतर ४०, ४८, ६०, ८०, ९६, हवं तिथे थांबा. या सगळ्या कामातला सर्वांत सुंदर निर्णय मला हाच वाटतो. शाळेतल्या विभाजकांच्या धड्याने इथे यंत्रांवरचा लाखो रुपयांचा खर्च ठरतो.

२०२३ मध्ये त्याचा उपयोग झालाच. सर्व्हर ३२ चे ९६ झाले, प्रत्येक जुन्याचे १५ शार्ड तीन नव्यांवर पाच-पाच गेले. ॲप चालू असताना लॉजिकल रेप्लिकेशनने, म्हणजे बदलांची सतत नक्कल करत, डेटा नव्या यंत्रांवर उतरत होता. आधी इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) ठेवून नक्कल करायला तीन दिवस लागत होते. इंडेक्स शेवटी बांधायचे ठरवल्यावर तेच काम १२ तासांवर आलं.

पुढे नोंदी २०० अब्जांवर गेल्या, म्हणजे सरासरी एका शार्डमागे ४१ कोटींहून जास्त. ९६ च्या पुढे समान वाटपाच्या चारच पायऱ्या उरतात: १२०, १६०, २४० आणि ४८०. शेवटच्या पायरीवर एका सर्व्हरवर एकच शार्ड असेल, आणि त्यानंतर शार्डच नव्याने कापावे लागतील.