सहाचा आकडा गाळणारे पंचांग

बालमित्रांनो, आपले नवे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते. ओडिशातले लोक मात्र 14 एप्रिलच्या सुमारास, सूर्य मेष राशीत शिरतो त्या दिवशी, पणा संक्रांत साजरी करतात. 'पणा' म्हणजे बेलफळाच्या गराचे सरबत. तुळशीवर बारीक भोक पाडलेले मडके टांगतात, त्यातून थेंब थेंब पाणी ठिबकत राहते. उन्हाळा तिलाही सोसायला हवा ना!

मग बरोबर कोण? दोघेही. आपण वर्षाची सुरुवात चंद्रावरून धरतो, ते सूर्यावरून. बहुतेक सण तेही तिथीनेच पाळतात. फक्त त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. म्हणून गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावणात, त्यांच्याकडे भाद्रपदात, पण दिवस तोच!

जूनच्या मध्यावर 'रज' हा सण येतो. (ते म्हणतात 'रॉजो'.) पावसाच्या तोंडावर धरणीमाता रजस्वला होते असे मानून तीन दिवस नांगर धरत नाहीत. मुलींना कामाला सुट्टी. त्या नवे कपडे घालून झोके घेतात. पालकांनी हा भाग वाचताना गाळू नये. जी गोष्ट आपल्याकडे अजून कुजबुजत सांगतात, तिचा तिथे सण होतो.

ओडिया पंचांगाला 'पंजी' म्हणतात. खंडपड्याचे पठाणी सामंत (1835–1904) यांनी दुर्बीण न वापरता, बांबू-लाकडाची साधने स्वतः बनवून ग्रहांचे वेध घेतले. त्यांचा 'सिद्धांतदर्पण' हा संस्कृत ग्रंथ 1899 साली छापला गेला.

आता खरी गंमत. पंजीत पुरीच्या गजपती राजाचे राज्यवर्षही असते, त्याला 'अंक' म्हणतात. तो भाद्रपद शुद्ध द्वादशीला, म्हणजे आपल्या वामनद्वादशीला बदलतो. पण मोजणी सरळ नाही! 1 गाळायचा, शेवटी 6 असलेला प्रत्येक आकडा गाळायचा, आणि शेवटी शून्य असलेलाही. अपवाद फक्त 10 चा. म्हणजे 2, 3, 4, 5 आणि एकदम 7. एकविसावा अंक म्हणजे खरे तर सतरावे वर्ष! जुने शिलालेख वाचणाऱ्यांना हे माहीत नसेल तर सनावळी चुकलीच.

मग सांगा पाहू, एकतिसावा अंक म्हणजे खरे कितवे वर्ष? बोटे मोजायला परवानगी आहे, आई-बाबांना विचारायला नाही.