नावेचें इंजिन कां पेटत नाहीं? : ठिणगीची परीक्षा

(धंतोली, नागपूर)

विदर्भांतील शेतकऱ्यास नावेच्या इंजिनाशीं काय कर्तव्य, अशी शंका कोणास येईल. परंतु सन २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेस महापूर आला, तेव्हां भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील नदीकांठच्या लोकांस नावांचाच आधार झाला, आणि ता. २३ सप्टेंबर २०२३ रोजीं तर खुद्द नागपूर शहरांत नावा फिरल्या. अशा वेळीं नावेच्या पाठीस लावलेलें पेट्रोल इंजिन सुरू न झालें, तर अडकलेल्या माणसांचा जीव टांगणीस लागतो. शिवाय संत्र्याच्या बागेंतील फवारणीचा लहान पेट्रोल पंपहि याच तत्त्वावर चालतो.

इंजिन पेटण्यास तीन गोष्टी लागतात : इंधन, दाब व वेळेवर पडणारी ठिणगी. प्रथम टाकीचा वायुमार्ग व पेट्रोलची तोटी उघडी आहे काय, आणि इंजिन बंद करण्याच्या बटणाची सुरक्षा-दोरी जागेवर आहे काय, हें पाहावें. ती दोरी निसटलेली असल्यास कितीहि श्रम केले तरी ठिणगी पडणार नाहीं. नंतर स्पार्क प्लग काढावा. तो कोरडा असल्यास पेट्रोल पोंचत नाहीं असें समजून गाळणी व कार्बुरेटर तपासावा. ओला असल्यास ठिणगीकडे वळावें.

परीक्षा अशी करावी. गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा. सांडलेलें पेट्रोल पुसून वाफ उडून जाऊं द्यावी. प्लग टोपींत बसवून त्याची धातूची बाजू, प्लगच्या भोंकापासून दूर, इंजिनाच्या अंगास टेकवावी व दोरी जोरानें ओढावी. प्लग उघड्या हातानें धरूं नये. झटका जबर बसतो. ठिणगी निळी व कडकडीत असावी. पिवळट व मंद ठिणगी दाबाखालीं विझते.

ठिणगी न पडल्यास प्रथम नवा प्लग लावून पाहावा. पुष्कळदां दोष तेवढाच असतो. तरीहि न पडल्यास मॅग्नेटोकडे पाहावें. त्यांत चक्रावरील लोहचुंबक तारेच्या वेटोळ्याजवळून फिरतात व त्यायोगें वीज उत्पन्न होते. साध्या मॅग्नेटोंत बंद करण्याचें बटण ही वीज इंजिनाच्या अंगांत जिरवितें. म्हणून त्या बटणाची तार कोठें घासून उघडी पडली असेल, तर बटण न दाबतांहि इंजिन बंदच राहतें. ती तार तात्पुरती सोडवून पुन्हां परीक्षा करावी; ठिणगी आली तर दोष तारेंत किंवा बटणांत आहे. पावसाळ्यांत ओल शिरून प्लगच्या तारेंतूनहि वीज गळते. अंधारांत पाहिल्यास गळतीच्या जागीं निळसर चमक दिसते. जुन्या इंजिनांत संपर्क-बिंदू असतात. त्यांवर काळें चढल्यास साफ करून अंतर उत्पादकाच्या पुस्तकाप्रमाणें बसवावें. नव्या इंजिनांत बिंदू नसून बंद इलेक्ट्रॉनिक पेटी असते. ती घरीं उघडूं नये.

ठिणगी चांगली असून इंजिन पेटत नसेल व दोरी उलट झटका देत असेल, तर चक्राची चावी तुटून ठिणगीची वेळ चुकली असण्याचा संभव असतो. इंजिन तापल्यावर बंद पडून निवाल्यावर पुन्हां चालत असेल, तर वेटोळें किंवा कंडेन्सर संशयास्पद मानावा. शिळ्या पेट्रोलचाहि विचार करावा; हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें, तें पाणी शोषून घेतें.

ही परीक्षा पूर आल्यावर करण्याची नव्हे. मृगापूर्वीं इंजिनाचा खालचा भाग पाण्यांत बुडवून तें एकदां चालवून पाहावें. कोरडें चालविल्यास थंडाव्याचा पंप बिघडतो. एक नवा प्लग, त्याचा पाना, सुटी दोरी व कोरडें फडकें नावेंतच ठेवावें. इतकी तजवीज असली म्हणजे ऐन प्रसंगीं वेळ वायां जात नाहीं.